मालकाचं उत्तर: रूळ वाकडा आहे, हे तुमच्या मुलाने बरोबर सांगितलं होतं

नमस्कार.

मे महिन्यात तुम्ही तिघं आमच्याकडे, कोकणातल्या घरच्या पाहुणखोलीत, दोन रात्री राहिलात आणि घरी पोचल्यावर दोन तारे देऊन सविस्तर लिहिलंत. तक्रारी बहुतेक माझ्या वाडीत फिरणाऱ्या छोट्या, खेळण्यातल्या आगगाडीबद्दल. फोटोत वाफेचं इंजिन दाखवतात आणि प्रत्यक्षात बॅटरीचं फिरवतात. मुलाला गाडीत बसायला मिळालं नाही. गाडी दोनदा घसरली. मालक मुलाच्या अंगावर ओरडले आणि 'त्यांच्या बोलीत शिवी दिली'. कोकणात नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे, कधी नव्हतीच, म्हणून सगळा देखावा नकली, त्यात स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, प्लॅस्टिकच्या. आणि सोलकढी पातळ. उत्तराला चार दिवस लागले, कारण पहिल्या दिवशी रागात लिहिलेलं उत्तर बायकोने वाचलं आणि खोडायला लावलं. तिचं बरोबर होतं.

सोलकढी पातळच असते. पुढे.

आधी शिवीचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला तुम्ही मांगरात, म्हणजे गाडी ठेवतो त्या जुन्या गोठ्यात, आलात, तेव्हा मी नुकतंच वाफेचं इंजिन बाहेरून आणून बाकावर ठेवलं होतं. बर्नर बंद होता, आवाज नाही, धूर नाही, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला ते शोकेसमधलं खेळणं वाटणार. पण बॉयलरमध्ये 40 पाउंडाचा दाब नुकता कुठे उतरत होता आणि धुराड्याखालचं पितळ चटका देण्याइतकं गरम होतं. मुलाचा हात वीतभर अंतरावर होता. मी ओरडलो ते शब्द असे: "अरे, हात लावू नको, भाजतला!" मालवणीत भाजतला म्हणजे भाजेल. आवाज माझा मोठा आहे, तीस वर्षं मुंबईत मशिनच्या घरघरीत फिटरचं काम केलं की तो लहान होत नाही. पण मूल घाबरलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि मी जवळ घेऊन समजावण्याऐवजी इंजिन उचलून आत नेलं. ते चुकलं. गरम इंजिन पाहुण्यांच्या हाताला लागेल असं बाकावर ठेवणं, हे त्याहून चुकलं. आता ते वर फळीवर, पत्र्याच्या डब्यात थंड होतं.

वाफेचं इंजिन तुमच्यासाठी का नाही चालवलं, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. एप्रिल-मेमध्ये मी ते फक्त सकाळी साडेसात ते साडेआठ चालवतो. त्यानंतर समुद्राकडून वारा धरतो आणि बर्नरची ज्योत हलायला लागते. आमची वाडी उताराची, वरच्या अंगाला काजू. काजूखाली या दिवसांत गुडघाभर पातेरा, म्हणजे पडलेला पाला, साचलेला असतो, सुकून कापरासारखा झालेला. इंजिन गाडीसकट आडवं झालं आणि ज्योत पातेऱ्याला लागली तर माझी वाडी जाईलच, शेजाऱ्याची कलमंही जातील. कोकणात उन्हाळ्यात वणवे कसे लागतात ते आम्ही दरवर्षी बघतो. त्यामुळे तुम्ही पाच तारे दिलेत तरी मेच्या दुपारी मी ते पेटवणार नाही. ही वेळ मांगरातल्या पाटीवर लिहिलेली आहे, पण पाटी वाचायला आधी मांगरात यावं लागतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता खोलीची चावी देतानाच सांगतो.

एक सकाळ लवकर उठलात तर काय दिसेल, तेही लिहून ठेवतो. बॉयलरमध्ये डिस्टिल्ड पाणी भरायचं, विहिरीचं नाही, क्षार चढतात. वंगणाच्या छोट्या डब्यात काकवीसारखं दाट वाफेचं तेल. गॅस पेटला की सात-आठ मिनिटं काहीच होत नाही, नुसती बारीक भुरभुर. मग काटा हलतो. पहिल्यांदा वाफ सोडली की सिलिंडर गार असल्यामुळे तिचं पाणी होतं आणि धुराड्यातून तेलकट गरम थेंब उडतात, बघणाऱ्याच्या सदऱ्यावर हमखास. दोन फेऱ्यांनी सिलिंडर तापतात, थेंब थांबतात आणि चाल सुटते. एका भरण्यात वीस-पंचवीस मिनिटं चालतं.

बसण्याबद्दल. गाडी बसायची नाही. तिचे रूळ एकमेकांपासून 32 मिलिमीटरवर आहेत, म्हणजे सव्वा इंच. माणूस बसून जाणाऱ्या छोट्या गाड्या जगात आहेत, पण त्यांचा रूळ 5 इंच किंवा सव्वासात इंच असतो आणि त्याला जागा नि पैसा दोन्ही वेगळे लागतात. घोटाळा फोटोमुळे झाला हे मान्य. भाच्याने तो जमिनीला कॅमेरा टेकवून काढला होता, त्यात इंजिन एस.टी.एवढं दिसतं. आता नवीन फोटो टाकलाय, इंजिनाशेजारी असोला नारळ ठेवून. इंजिन त्याहून जेमतेम मोठं आहे.

आता नॅरोगेज. कोकण रेल्वे ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची, आहे, रुळांत 1676 मिलिमीटर, हे तुमचं अगदी खरं. पण माझी गाडी कोकण रेल्वेची नाही, आणि तसं मी कुठे म्हटलेलंही नाही. ती माथेरानच्या वळणाची आहे. नेरळ रायगड जिल्ह्यात, म्हणजे कोकणातच येतं, आणि नेरळ ते माथेरान दोन फुटी रूळ 1907 साली सुरू झाला. खरा रूळ 610 मिलिमीटर, माझा 32. भागून बघा, एकोणीसला एक हे प्रमाण येतं. गाडीतला डबा, चाक, दार, सगळं त्याच मापात. तिथे वाफेच्या काळात ओरेन्स्टाइन अँड कॉपेल या जर्मन कंपनीची चार इंजिनं होती. माझं त्यांची हुबेहूब नक्कल नाही, तोंडवळा तेवढा घेतलाय.

आणि कोकण रेल्वेच करायची म्हटली असती तर? याच मापात रूळ होतो 88 मिलिमीटर, आणि जुन्या निळ्या डब्यांपैकी एक-एक डबा एक मीटरहून लांब. असे दहा डबे जोडले तर गाडीचं शेपूट विहिरीत आणि इंजिन गोठ्यात. नॅरोगेज घरच्या वाडीत मावते, कारण मुळातच ती अडचणीच्या जागेसाठी जन्मली. डबे आखूड, वळणं घट्ट. माझं सगळ्यात घट्ट वळण साडेतीन फूट त्रिज्येचं आहे, फणसाच्या बुंध्याला वळसा घालून जातं. माथेरानला विसात एकाचा चढ आहे, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, मी पन्नासात एकाच्या वर जात नाही, कारण माझं इंजिन तेवढ्या दमाचं नाही. जमीन उताराची असल्यामुळे खालच्या अंगाला दोन फूट चिऱ्यांचा कठडा बांधून रूळ वर घेतलाय, वरच्या अंगाला तोच रूळ मातीलगत जातो. मांगरात तो भिंतीतल्या भोकातून शिरतो, तिथे पूर्वी गोठ्यातलं शेण ओढायची मोरी होती.

स्लीपर प्लॅस्टिकचे आहेत, खरं आहे. पहिल्या वर्षी हौसेने आंब्याच्या फळीचे कापले होते, एकेक तासून, तेल पाजून. गणपतीपर्यंत वाळवीने निम्मे खाल्ले, उरलेले पावसात कुजले. आमच्याकडे तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तसाच खारा वारा. आधी मी रुळातून वीज देत होतो, पण रोज सकाळी चाळीस मीटर रूळ पॉलिश पेपरने घासायला लागायचा, नाहीतर गाडी झटके खात थांबायची. म्हणून बॅटरी इंजिनाच्या पोटात घातली. तुम्ही जे बॅटरीचं म्हणून हिणवलंत, त्याच्यामागे दोन वर्षांची घासाघीस आहे. एवढं बोलायचा हक्क मला द्या.

राहिलं गाडी घसरणं. याबाबतीत माझ्याजवळ सबब नाही.

तुम्ही लिहिलंय की मुलगा म्हणाला, "काका, इथे रूळ वाकडा आहे," आणि मी म्हणालो, "तू गाडी बघ, रूळ माझ्यावर सोड." असंच म्हणालो. तुम्ही गेल्यावर संध्याकाळी ओणवा होऊन, एक डोळा मिटून रुळाच्या रेषेत बघितलं. तुळशीपासून विहिरीपर्यंत उघड्यावर बारा मीटर सरळ रूळ आहे, त्याच्या मधोमध सापासारखा हलका बाक. दोन बोटं रुंद, फार नाही. गाडीला पुरेसा.

कारण माझ्याच हातचं. हा तुकडा मी जानेवारीत पहाटे नव्याने टाकला, थंडीत, आणि जोड एकमेकांना घट्ट भिडवून फिशप्लेट, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्या, आवळल्या. दिसायला सुंदर दिसलं. पितळ तापलं की लांबतं. बारा मीटर पितळ 35 अंशांनी तापलं तर आठ मिलिमीटर वाढतं. जानेवारीची पहाट आणि मेची भर दुपार यांत तेवढा फरक सहज पडतो, उन्हातल्या रुळाला तर हात लावता येत नाही. लांबायला जागा नाही म्हटल्यावर रूळ बाजूला फुगला. खऱ्या रेल्वेत याच भीतीने उन्हाळ्यात लाइनवर गस्त घालतात. पोफळीखालचा रूळ सावलीत आहे, तिथे काही झालं नाही. फिटर म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाने हे विसरावं, आणि दहा वर्षांच्या मुलाला उभ्या-उभ्या दिसावं.

गेल्या रविवारी पहाटे तो तुकडा उकलला. दीड-दीड मीटरचे रूळ आहेत. प्रत्येक जोडात जुनं एटीएम कार्ड धरून तेवढी फट ठेवली आणि मग फिशप्लेट बसवल्या, हाताने सरकतील इतक्या सैल. आठ जोड मिळून सहा मिलिमीटर मोकळे मिळाले; उन्हाळ्यातली पहाट जानेवारीइतकी गार नसते, म्हणून पुरे आठ लागत नाहीत. नंतर तीन दुपारी, दोन ते तीनच्या उन्हात, गाडी चालवून बघितली. एकदा घसरली, ती माकडाने टाकलेल्या काजूच्या बोंडावरून. ते खात्यात धरू नका.

मृगाचा पाऊस सुरू झाला की गाडी बंद होते, इंजिनं तेल लावून पेटीत जातात आणि दसऱ्यानंतर रूळ झाडून पुन्हा सुरू होतात. दिवाळीच्या सुट्टीत यायचं असेल तर एक दिवस मुलासाठी. पैसे घेणार नाही, खोलीचे घेईन. काजूखालचा पातेरा तेव्हा ओला असतो, वाफेचं इंजिन दुपारीही चालेल. आधी त्याला माझ्याबरोबर लाइन तपासायला लागेल, ओणवा होऊन, एक डोळा मिटून. मग रिमोट त्याच्या हातात. हातमोजे त्याच्या मापाचे मी कुडाळच्या बाजारातून आणून ठेवलेत.