मॉडेल रेल्वे परत सुरू करताय? मग छोटी लाइन घ्या

बऱ्याच वर्षांच्या गॅपनंतर मॉडेल रेल्वेचं काम परत हातात घेतलंय, त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या ओळखीत असे बरेच जण आहेत ज्यांची इंजिनं माळ्यावर खोक्यात पडलीयेत आणि "रिटायर झालो की बघू", "मोठा फ्लॅट घेतला की बघू" असं वर्षानुवर्षं चाललंय. माझं मत स्पष्ट आहे. मोठ्या फ्लॅटची वाट बघू नका, आणि पूर्वीचं अर्धवट राहिलेलं लेआउट (बोर्डावर मांडलेले रूळ, स्टेशन आणि आजूबाजूचा देखावा) तसंच्या तसं परत मांडायच्या मागे लागू नका.

पुण्यातल्या आमच्यासारख्या बहुतेकांचं वेड कोथरूडच्या जोशींच्या म्युझियममध्ये सुरू झालं. भाऊसाहेब जोशींनी 1998 मध्ये ते लोकांसाठी उघडलं, आणि एकदा ते चालू लेआउट बघितलं की घरी येऊन प्रत्येकाला तसंच काहीतरी करावंसं वाटतं. पण ते एका माणसाच्या आयुष्यभराच्या ध्यासाचं काम आहे, दोन बेडरूमच्या घरातल्या एका भिंतीशी त्याची तुलना करायचीच नाही.

आता गणित बघा. एचओ स्केल म्हणजे 1:87, खऱ्या गाडीचा सत्त्याऐंशीवा भाग. आपला आयसीएफचा, म्हणजे जुन्या पद्धतीचा डबा साधारण 21.3 मीटरचा, म्हणजे मॉडेल साडेचोवीस सेंटिमीटरचं. नव्या पद्धतीचा एलएचबी डबा घेतला तर 27. वीस डब्यांची गाडी लावायची म्हटलं तर पाच मीटर नुसती गाडीच झाली, प्लॅटफॉर्म आणि लूप लाइन वेगळीच, आणि वळण 18 इंच त्रिज्येचं घेतलं की एवढे लांब डबे वळणावर इतके बाहेर येतात की बघवत नाही. त्यात गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा प्रश्न. बाजारात मिळणारा एचओ ट्रॅक 16.5 मिमीचा असतो, तो युरोप-अमेरिकेच्या 1435 मिमी गेजसाठी. आपलं ब्रॉडगेज 1676 मिमी, त्याचं 1:87 मध्ये 19 मिमीच्या वर जातं. म्हणजे डबा कितीही मनापासून बनवा, तो अडीच मिमीपेक्षा जास्त अरुंद रुळावर उभा राहतो आणि ज्याने आपल्या गाड्या आयुष्यभर बघितल्यात त्याच्या डोळ्याला ते लगेच कळतं. बरेच जण ते चालवून घेतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण मला स्वतःला ते कायम टोचत आलंय.

यावेळी म्हणून मी बार्शी लाइट, म्हणजे कुर्डुवाडी-बार्शीकडची जुनी नॅरोगेज लाइन घेतली. 762 मिमी गेज, म्हणजे अडीच फूट. 762 ला 87 ने भागा, 8.76 येतं. आणि एन गेजचा (एचओपेक्षा लहान मापाच्या मॉडेलांचा) ट्रॅक 9 मिमीचा, जो कुठल्याही हॉबी शॉपमधून मागवता येतो! पाव मिमीचासुद्धा फरक नाही. हे लक्षात आलं तेव्हा मला इतका आनंद झाला की घरातल्या प्रत्येकाला बसवून समजावून सांगितलं. ट्रॅक एन गेजचा, खालची मोटरवाली चेसिस एन गेजची, आणि वरची बॉडी, माणसं, घरं, झाडं सगळं एचओ मापात. नऊ-दहा इंचाच्या त्रिज्येत गाडी वळते. चार फूट बाय दीड फुटाच्या बोर्डावर एक पूर्ण स्टेशन बसतं, आणि ते काम झाल्यावर उचलून कपाटावर ठेवता येतं.

आणि लाइन किती मोलाची! एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने ती उभी केली, 1897 ला बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शी टाउनपर्यंत सुरू झाली, मग 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर आणि 1927 ला मिरज. त्याची खरी कल्पना अशी की इंजिन असो, मालडबा असो की पॅसेंजर डबा, प्रत्येक धुरेवर जास्तीत जास्त 5 टनच वजन येऊ द्यायचं. त्यामुळे एकदम हलके रूळ वापरूनही मोठे बोगी डबे आणि ताकदवान इंजिनं चालवता आली. जगभरातले नॅरोगेजवाले आजही ही लाइन अभ्यासतात आणि आपल्याकडे मात्र "बार्शी लाइट" म्हटलं की फक्त संथ गाडी एवढंच लोकांना आठवतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आषाढीला वारकऱ्यांनी खचाखच भरून जाणारी गाडी होती ती! सोलापूर, लातूर, सांगली भागातल्या कितीतरी घरांच्या आठवणी तिच्याशी बांधलेल्या आहेत. सगळी लाइन आता ब्रॉडगेज झाली, ते गरजेचंच होतं, पण म्हणूनच कुणीतरी ती मापात बनवून ठेवली पाहिजे असं मला वाटतं.

आता जुनं सामान बाहेर काढणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. इंजिन खोक्यातून काढलं की लगेच ट्रॅकवर ठेवून फुल करंट देऊ नका. जुनं तेल गिअरमध्ये चिकट होऊन बसलेलं असतं, मोटर अडकून जळू शकते. आधी बॉडी उघडा, जुनं ग्रीस पुसून काढा, गिअर हाताने फिरवून बघा, प्लॅस्टिकच्या गिअरला तडा आहे का ते भिंगातून बघा, मग प्लॅस्टिकला चालणाऱ्या तेलाचा अगदी एखादा थेंब. चाकांवरचे रबरी टायर कडक झालेले असतात, ते बदलायचेच. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॉलिश पेपर मारू नका, त्याचे ओरखडे राहतात आणि त्यात घाण जास्त धरते. पितळी रूळ असतील तर सरळ बाजूला ठेवा, त्यांच्यावरचा गंज करंट अडवतो, निकेल सिल्व्हरचे घ्या. आणि डीसीसी (प्रत्येक इंजिन वेगळं चालवता येणारा डिजिटल कंट्रोल) घ्यायलाच पाहिजे असं काही नाही. छोट्या लेआउटवर एका वेळी एकच गाडी चालणार असेल तर साधा 12 व्होल्टचा डीसी कंट्रोलर पुरतो, वाचलेले पैसे ट्रॅकमध्ये घाला.

बोर्डाला एमडीएफ नको, पावसाळ्यात फुगतो. चांगला प्लाय आणि खाली लाकडी फ्रेम. खडीसाठी बारीक चाळलेली दगडाची कच, वरून पाणी घातलेला फेविकॉल आणि त्यात भांडी धुण्याच्या लिक्विडचा एक थेंब, ड्रॉपरने हळूहळू सोडायचं, म्हणजे गोंद आत मुरतो आणि खडी जागची हलत नाही. माझ्या लाइनला परदेशी पाकिटातलं हिरवंगार गवत शोभणारच नाही, इथे काळी माती, बाभळी, ज्वारीचं वाळलेलं रान पाहिजे. बाभळीसाठी जुन्या वायरमधल्या तांब्याच्या तारा पिळून फांद्या करतोय, ज्वारीच्या धाटांसाठी काथ्या. यात संध्याकाळच्या संध्याकाळ जातात आणि मला विचाराल तर याच कामासाठी हा छंद आहे. तयार इंजिनं विकत घेऊन कपाटात लावणं वेगळं, वाईट नाही, पण वेगळं.

इंजिनाचं अजून ठरत नाहीये. किटसन कंपनीने बनवलेलं 0-8-4 (पुढे काही नाही, मधे आठ जोडचाकं, मागे चार छोटी चाकं) टँक इंजिन डोक्यात आहे, थ्रीडी प्रिंटची बॉडी करून घ्यावी लागेल आणि आठ जोडचाकांची चेसिस तंतोतंत तशी मिळणार नाही, तर तेवढी तडजोड करेन. डब्यांसाठी कार्डशीटच वापरतोय.

तर एक विनंती. बार्शी टाउन, कुर्डुवाडी, शेंद्री, पंढरपूर या भागातले नॅरोगेजच्या काळातले फोटो कुणाच्या घरी असतील, लग्नाचे, वारीचे, कसलेही, मागे डब्याची बाजू, खिडक्यांची रांग, स्टेशनच्या इमारतीचा कोपरा किंवा पाण्याची टाकी दिसत असेल, तर स्कॅन करून पाठवा. आणि रेल्वेत काम केलेल्या कुणाला डब्यांचा नेमका रंग आठवत असेल तर तेही सांगा, ब्लॅक अँड व्हाइट फोटोवरून रंग ठरत नाहीये आणि पहिला डबा रंगवायला घ्यायचाय.