स्टीलच्या भांड्यावरचं लेबल

स्टीलचं नवं भांडं आणि त्याच्यावरचं लेबल यांची ताटातूट करायचं काम घरात ज्याच्या गळ्यात पडतं, त्याला निदान त्या दिवशी तरी कोणी भाजी निवडायला सांगू नये. आमच्याकडे ते माझ्या गळ्यात पडतं, कारण नखं कापायचा आळस असलेला मी एकटाच.

ताटाची पालथी बाजू अख्खी मोकळी असते, तरी लेबल वरण वाढायच्या जागी, बरोबर मधोमध. कोपरा नखाने उचलला की गुणी बाळासारखा वर येतो. आपण हुरळतो, आणि तेवढ्यात कागदाचे दोन पापुद्रे होतात. वरचा छापील आपल्या हातात, खालचा पांढरा, केसाळ ताटाला.

मग सल्लागार जमतात. आई म्हणते, गरम पाण्यात बुडव. बायको हेअर ड्रायर आणते. शेजारच्या काकू रॉकेलचं नाव काढतात, जे दिसेनासं होऊन जमाना झाला. मावशी फोनवरून सांगते, “अरे, खोबरेल चोप आणि विसरून जा!” मावशीचं खरं आहे. हा गोंद पाण्याला भीक घालत नाही, तेलाने मात्र मऊ पडतो. उष्णतेनेही ढिला होतो, म्हणजे ड्रायरलाही मान द्यायला हवा. फक्त वरचा चकचकीत थर आधी खरवडावा लागतो, नाहीतर तेल माझ्या कोपरापर्यंत येतं आणि गोंदाला पत्ताही लागत नाही.

कागद गेला तरी गोंद राहतोच. तो मुळात वाळण्यासाठी केलेलाच नसतो. जन्मभर चिकट राहायचं आणि नुसत्या दाबाने धरायचं, एवढंच त्याला ठाऊक. दिसत नाही, पण टॉवेलचे धागे, दाण्याची सालं, कणीक, जे येईल ते धरून ठेवतो.

ही स्वतःहून चिकटणारी लेबलं १९३५ साली अमेरिकेत स्टॅन एव्हरी नावाच्या गृहस्थाने विकायला काढली. त्याच्या कंपनीचं तेव्हाचं नाव ‘कम क्लीन’. म्हणजे लेबल डाग न ठेवता निघेल, हे वचन थेट पाटीवरच! ते आमच्या मोरीपर्यंत काही पोचलेलं नाही.

घरच्या ताटाचं एक वेळ चालतं, कसोटी लागते आहेराच्या डब्याला. भाच्याच्या मुंजीला निघायची वेळ झालेली, रिक्षा दारात, आणि झाकणावर किंमत तशीच. १८४९ रुपये. तेल लावून विसरून जायला सवड कुठली? ओढलं. लेबल डावीकडून सुरेख निघालं आणि अर्ध्यात फाटलं. झाकणावर राहिले ठळक, सुवाच्य ४९.

आईने चष्मा लावून ते पाहिलं आणि आतून पेन आणून दिलं.

“याच्या अलीकडे एक आणि आठ लिही. नीट लिही, छापल्यासारखं.”