लख्ख पत्र्याची साक्ष : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये तीस वर्षं काढल्याचं सांगितलंत, म्हणून काकाच म्हणतो. चिकटवलेल्या सांध्यांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोन दिवस डोक्यात घोळत होती. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं वाटेना, म्हणून सविस्तर लिहितोय.

बाकीच्या वाचकांसाठी काकांचं म्हणणं थोडक्यात असं: डिंकाचा जोड कधी ना कधी सुटतोच. त्यांनी कोकणात एका दुकानाचा आठ फुटी ॲल्युमिनियमचा बोर्ड लोखंडी (एमएस) अँगलच्या चौकटीवर इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या डिंकाने, चिकटवला होता. पहिल्याच पावसाळ्यात तो खाली आला. नशिबाने तेव्हा खाली कुणी उभं नव्हतं. अलोहा एअरलाइन्सच्या विमानाचं छत उडालं तेही डिंकामुळेच. म्हणून जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे वेल्डिंग नाहीतर रिव्हेट, आणि मी तरुण पोरांना भलतं शिकवू नये.

काका, तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य असं आहे, 'सगळं इपॉक्सी लोखंडाला राहिलं, ॲल्युमिनियम अगदी लख्ख होतं.' तुम्ही ते सहज लिहून गेलात, पण माझ्या दृष्टीने बोर्ड का पडला याचं अर्धं उत्तर त्यातच आहे. सुटलेला सांधा हातात आला की आम्ही आधी दोन्ही बाजू बघतो. दोन्हीकडे डिंकाचा थर राहिला असेल तर डिंक स्वतः फाटला, म्हणजे त्याची ताकद पूर्ण वापरली गेली. एक बाजू लख्ख असेल तर डिंक तुटलेलाच नाही. त्याने त्या बाजूला धरलंच नव्हतं, किंवा आधी धरलं आणि नंतर पाण्याने त्याला तिथून हुसकावलं. तुमच्या बोर्डाच्या बाबतीत मला दोन्ही गोष्टी दिसतात.

इपॉक्सी धातूला धरतं ते रेणूंच्या पातळीवरच्या ओढीने, आणि ही ओढ नॅनोमीटरभर अंतरातच काम करते. म्हणून डिंकाला आधी धातूवर पाण्यासारखं पसरता आलं पाहिजे, खाचाखोचांत शिरता आलं पाहिजे. स्वच्छ धातूवर तो आनंदाने पसरतो. पण मिलमधून येणाऱ्या पत्र्यावर रोलिंगच्या तेलाचा पुसट थर असतो. थिनरच्या एकाच फडक्याने पुसत गेलं तर तेल निघत नाही, ते सगळ्या पत्र्यावर सारखं पसरतं. आमच्या टेस्टिंग लॅबमध्ये एकदा नमुन्यांचा अख्खा लॉट असाच सुटून आला होता. शोधता शोधता कळलं की शेजारच्या खोलीत कुणीतरी साच्यांवर सिलिकॉनचा स्प्रे मारत होतं. हवेतून आलेल्या तेवढ्या सिलिकॉनने काम बिघडवलं होतं.

मग बोर्ड पावसाळ्यापर्यंत टिकला कसा? कोरड्यात अर्धवट धरलेला सांधाही वजन पेलतो. पाणी आलं की चित्र पालटतं. धातूवरच्या ऑक्साइडला इपॉक्सीपेक्षा पाणी जवळचं वाटतं. ते कडेने आणि खुद्द डिंकातूनही झिरपत आत जातं आणि डिंकाची जागा घेतं. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइड तर पाणी पिऊन फुगतो आणि त्याचा ठिसूळ, पापुद्र्यासारखा थर होतो. विमानांचे पत्रे चिकटवण्याआधी फॉस्फरिक ॲसिडमध्ये ॲनोडाइझ करतात, म्हणजे वीज सोडून त्यांच्यावर ऑक्साइडचा थर वाढवतात, ते यासाठीच. त्याने बारीक छिद्रांचा ऑक्साइड तयार होतो, प्रायमर त्या छिद्रांत मुरतो आणि हा ऑक्साइड पाण्याला सहजासहजी दाद देत नाही.

दुसरं कारण उन्हाचं. तापमान एक अंशाने वाढलं की एक मीटर ॲल्युमिनियम सुमारे २३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढतं, लोखंड सुमारे १२. तुमचा बोर्ड २.४ मीटरचा. दुपारचं ऊन आणि अचानक आलेली सर यांत ३० अंशांचा फरक धरला तर पत्रा चौकटीपेक्षा साधारण ०.८ मिलिमीटर जास्त हलू पाहतो, म्हणजे मध्यापासून दोन्ही टोकांना ०.४. आणि मधे ताठ इपॉक्सी, तेही क्लॅम्प आवळून ०.१ मिलिमीटर उरलेलं. पत्रा हलू पाहतो, चौकट सोडत नाही, आणि हा सगळा ताण टोकांवर येऊन बसतो. रोज.

टोकांचा मुद्दा माझ्या लेखात निसटता आला होता, तो इथे नीट मांडतो. आरशावर लावलेली टिकली बोटाने सरकवायला जड जाते, पण कडेखाली नख घातलं की लगेच सोलून निघते. सरकवताना सगळी टिकली मिळून विरोध करते, सोलताना फक्त एक रेघ. घासून स्वच्छ केलेल्या ॲल्युमिनियमवर चांगलं इपॉक्सी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन सहज धरतं. चाचणीचा नेहमीचा नमुना २५ मिलिमीटर रुंद आणि १२.५ मिलिमीटर आच्छादनाचा (दोन पट्ट्या एकमेकींवर येतात तेवढ्या भागाचा) असतो, म्हणजे तो सव्वासहा हजार न्यूटन, सहाशे किलोहून जास्त ओढ घेतो. पण आच्छादन दुप्पट केलं म्हणून ताकद दुप्पट होत नाही, कारण भार मधल्या भागापेक्षा टोकांनाच जास्त येतो. जर्मन अभियंते फोल्करसेन यांनी हे १९३८ मध्ये गणिताने दाखवलं. वाऱ्याने फडफडणारा बोर्ड म्हणजे तर सोलण्याचाच भार.

आता अलोहा. २८ एप्रिल १९८८ ला अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या हिलोहून होनोलुलूला निघालेल्या बोइंग ७३७ चं सुमारे साडेपाच मीटर लांब छत २४ हजार फुटांवर उडालं आणि एका हवाई सेविकेचा जीव गेला. डिंक सुटला होता, हे शंभर टक्के खरं. सुरुवातीच्या ७३७ मध्ये पत्र्यांच्या सांध्यात खोलीच्या तापमानाला घट्ट होणारं इपॉक्सी कापडी पट्टीवरून लावत. ती पट्टी थंडीत साठवलेली असे आणि बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरण्याचा धोका होता. काही सांधे पहिल्यापासूनच कच्चे राहिले आणि समुद्राची हवा आत शिरली. पण पुढचं बघा. डिंकाने सोडल्यावर सगळा भार रिव्हेटांवर गेला. रिव्हेटांची डोकी बसवण्यासाठी ०.९ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात खोलगट भोकं पाडली होती, त्यामुळे भोकांची कड सुरीसारखी पातळ झाली होती. जवळपास ९० हजार उड्डाणांत त्या कडांपासून भेगा वाढल्या, एकमेकींना मिळाल्या आणि पत्रा फाटला. म्हणजे डिंक गेल्यानंतर उरलेला रिव्हेटचा सांधाच शेवटी फाटला. त्याच काळात फोकर एफ-२७ आकाशात होतं. आपल्या इंडियन एअरलाइन्सनेही ते वर्षानुवर्षं वापरलं. त्याचे पत्रे रिडक्स नावाच्या डिंकाने, पृष्ठभागाची कडक तयारी करून, उष्णता आणि दाबाखाली चिकटवलेले असत.

पण तुमच्या बाजूचं अलोहापेक्षा भक्कम उदाहरण अमेरिकेतल्या बॉस्टनचं आहे, आणि माझ्या लेखात ते असायला हवं होतं. १० जुलै २००६ ला तिथल्या बोगद्यात छताचे काँक्रीटचे स्लॅब, सुमारे २६ टन, एका गाडीवर कोसळले आणि आतली महिला दगावली. ते स्लॅब ज्या बोल्टांना टांगले होते ते वरच्या काँक्रीटमध्ये इपॉक्सीने बसवले होते. बसवताना प्रत्येक बोल्ट ओढून तपासला होता आणि ते त्या तपासणीत पास झाले होते. पण वापरलेलं इपॉक्सी झटपट घट्ट होणारं होतं. कायमच्या ओढीखाली ते वर्षानुवर्षं हळूहळू सरकत राहिलं. पाच मिनिटांची चाचणी पाच वर्षांच्या वजनाबद्दल काहीच सांगत नाही. डोक्यावर कायम लटकणारं वजन नुसत्या डिंकावर सोडू नये, याबाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा आहे.

आणखी एका बाबतीत तुमचं खरं आहे. वेल्डचा एक्स-रे काढता येतो. चिकटवलेला सांधा न तोडता त्याची ताकद मोजण्याचं सर्रास वापरातलं, खात्रीचं साधन अजून नाही. अल्ट्रासॉनिकने पोकळी दिसते. पण डिंक नुसता टेकलेला आहे, धरत नाही, हे त्यात दिसत नाही. म्हणून विमानाच्या कामात प्रत्येक बॅचसोबत दोन पट्ट्या तशाच तयार करून चिकटवतात, त्यांच्यामध्ये पाचर ठोकतात, चीर कुठवर गेली त्याची खूण करतात आणि पट्ट्या ५० अंशांच्या दमट पेटीत ठेवतात. चीर पुढे सरकली तर ती बॅच गेली. ही शिस्त जिथे पाळता येत नाही तिथे चिकटवू नका, हे वाक्य मी आज मूळ लेखात घातलं आहे.

पण जिवाचा प्रश्न असेल तिथे डिंक नकोच, हे मात्र मला मान्य नाही. तुमच्या गाडीची पुढची काच नुसत्या पॉलियुरेथेनवर, म्हणजे रबरासारख्या लवचिक डिंकावर, उभी असते, आणि अनेक गाड्यांत प्रवाशाची एअरबॅग फुगताना त्याच काचेवर टेकते. पवनचक्कीचं पातं धातूचं नसतं, काचेच्या धाग्यांचे दोन शिंपल्यांसारखे भाग चिकटवून ते बनतं. तिथे वेल्डिंग करणार कशाचं?

बोर्ड पुन्हा करायचा असेल तर ताठ इपॉक्सी सोडा आणि पॉलियुरेथेनचा तीन मिलिमीटर जाड थर ठेवा. ०.४ मिलिमीटरची हालचाल तेवढ्या जाडीत तो सहज पचवतो. जाडी राखायला मधे रबराचे तुकडे ठेवा, क्लॅम्प बेताने आवळा. चारही कोपऱ्यांना रिव्हेट माराच, पण पत्र्यातलं भोक थोडं लांबट ठेवा, म्हणजे पत्र्याला हलायला जागा राहील. सोलणं सुरू होतं ते कोपऱ्यातून, ते रिव्हेट अडवतील आणि वजनही पेलतील. लोखंड गंजलेलं असेल तर नुसतं ब्रशने झाडून चालणार नाही, चकचकीत होईपर्यंत घासा आणि प्रायमर लावा.

आणि त्याआधी एक करून बघा. नेहमीच्या दुकानातून ॲल्युमिनियमचा कोरा तुकडा आणा, तुमच्या नेहमीच्या पद्धतीने पुसा आणि त्यावर स्वच्छ पाणी ओतून तुकडा उभा धरा. तीस अंक मोजेपर्यंत पाण्याचा पडदा अखंड राहिला तर पत्रा स्वच्छ आहे. पाणी फुटून थेंब झाले तर तेल अजून तिथेच आहे. काय होतं ते इथे लिहा, मी वाट बघतो.