गुडघा तर बादलीबाहेरच राहतो

थंडी पडली की एक संदेश घरोघरच्या ग्रुपवर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: रोज रात्री बादलीभर कढत पाण्यात दोन मुठी सैंधव टाका, सोसेल तितके गरम ठेवून अर्धा तास पाय बुडवून बसा, सैंधव हाडांत मुरते, चाळीस दिवसांत गुडघ्याची झिजलेली गादी भरून येते, युरिक अॅसिड घामावाटे निघून जाते आणि गोळ्या कायमच्या सुटतात. सोबत वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडांचा दाखला असतोच.

ऊब मिळाली की आखडलेला सांधा मोकळा होतो, एवढे यातले खरे आहे. त्या एका खऱ्या गोष्टीच्या आधाराने बाकीचे सगळे खपून जाते.

‘झिजलेली गादी भरून येते’

येत नाही. ही गादी म्हणजे हाडांच्या टोकांवरची कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे स्वतःची झीज भरून काढण्याची तिची ताकद फार तोकडी असते. बाहेरून दिलेला शेकही कातडी आणि त्याखालच्या सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरांपर्यंतच पोचतो. त्याने सांध्याभोवतीचे स्नायू सैल पडतात आणि ऊब जाणवत असेपर्यंत ठणका कमी जाणवतो. हा आराम थोड्या वेळाचा असतो, आणि तो वापरायचा असतो. शेक संपला की लगेच पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, मांडी आवळून गुडघ्याने टॉवेल खाली दाबा, पाच अंक मोजा, सोडा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याला आधार मिळतो. शेकून तसेच झोपी गेलात तर शेकाचा अर्धा उपयोग वाया गेला. आणि गुडघ्याखाली रात्रभर उशी नको. गुडघा वाकलेल्या अवस्थेतच आखडत जातो.

‘बादलीत पाय बुडवून बसा’

वीस लिटरच्या बादलीत पाय घातले की पाणी पिंढरीच्या मध्याच्या आसपास येते. घोटा, टाच आणि बोटे शेकली जातात. ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो गुडघा हवेत! घोटा दुखत असेल तर बादली उत्तम. हाताची बोटे सकाळी आखडत असतील तर पसरट घमेले घ्या, मनगटापर्यंत हात बुडवा आणि पाण्यातच मूठ सावकाश मिटा-उघडा, दहा मिनिटे.

गुडघ्याला ओला शेक द्यायचा तर दोन सुती पंचे लागतात. पंचा गरम पाण्यातून काढून घट्ट पिळा (पाणी राहिले तर तेच भाजते), चार घड्या घाला, आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा, मग गुडघ्याभोवती गुंडाळून वरून कोरडा टॉवेल लपेटा. पंचा चार-पाच मिनिटांत निवतो, म्हणून आलटून पालटून. एकूण १५ ते २० मिनिटे. रबरी पिशवी वापरायची तर उकळते पाणी नको. दोन तृतीयांश भरा, वरची हवा दाबून काढा आणि मगच झाकण फिरवा, नाहीतर पिशवी फुगते आणि सांध्यावर नीट बसत नाही. पिशवी टॉवेलात गुंडाळा. तिच्यावर पाय टाकून झोपू नका.

‘सोसेल तितके गरम’

संपूर्ण संदेशातले हे सर्वांत घातक वाक्य. बुडवण्यासाठी ३७ ते ४० अंश सेल्सिअस पाणी पुरते. ४९ अंशांच्या पाण्यात पाच ते दहा मिनिटांत खोल भाजू शकते, ६० अंशांना जेमतेम पाच सेकंद पुरतात, आणि वयस्कर माणसाची पातळ कातडी त्याहून लवकर पोळते. शिवाय ‘सोसणे’ हे मापच फसवे आहे. पाय पाण्यात असले की कातडीला त्या उबेची सवय होते, पाणी निवल्यासारखे वाटते आणि माणूस वरून आणखी एक तांब्या कढत ओततो. जुन्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर झालेल्या असू शकतात. तिथे भाजले हे कळते ते फोड दिसल्यावर, आणि ती जखम महिनोन्महिने भरत नाही. पायाला मुंग्या येत असतील, बधिरपणा किंवा उघडी जखम असेल, तर पाय बुडवायचेच नाहीत.

मोजायला ताप बघायची काच चालत नाही, ती ४२ अंशांवर संपते. बाळाच्या अंघोळीचा तापमापक मिळतो, तो घ्या. तो नसेल तर साधे प्रमाण: नळाचे पाणी २६ अंशांच्या आसपास असताना एक तांब्या उकळते आणि पाच तांबे साधे, म्हणजे साधारण ३८ अंश. कडाक्याच्या थंडीत नळाचे पाणी २० अंशांवर आले की एकाला तीन, सुमारे ४०. आधी गार पाणी, मग गरम, आणि हाताने तळापर्यंत ढवळून घ्या, कारण गरम पाणी वर तरंगते. पाणी निवले तर पाय बाहेर काढा, गरम ओता, ढवळा, कोपर बुडवून बघा, मगच पाय आत. पाणी तापवायला रॉड लावला असेल तर बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये.

वेळ १५ मिनिटे, फार तर २०. गरम पाण्याने रक्तवाहिन्या पसरतात, रक्तदाब उतरतो. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांना उठताना भोवळ येऊ शकते. म्हणून उठण्याआधी पाय पुसून कोरडे करा, मिनिटभर बसा, शक्यतो घरात कोणी असताना शेक घ्या. आणि मलम लावून लगेच शेक नको: मेंथॉल किंवा मिरचीचा अंश असलेल्या मलमावर ऊब दिली की कातडी पोळते.

‘सैंधव हाडांत मुरते’

मुरत नाही. सैंधवाऐवजी एप्सम मीठ घेतले तरी तेच; एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. तेही त्वचेतून सांध्यापर्यंत जाऊन वेदना कमी करते याला भक्कम पुरावा नाही. आराम पाण्याच्या उबेचा असतो. मीठ घातले तरी चालेल, पण भेगा असलेल्या टाचांना ते झोंबते.

‘युरिक अॅसिड घामावाटे जाते’

ते बाहेर पडते मुख्यतः मूत्रपिंडांतून, उरलेले आतड्यांतून. घामाचा वाटा नगण्य. आणि वातरक्ताचा (युरिक अॅसिड साचून होणाऱ्या गाउटचा) झटका आलेला असताना, म्हणजे पायाचा अंगठा लाल, सुजलेला, चादरीचा स्पर्शही सहन न होणारा असताना, शेकाने दाह वाढतो. तिथे फडक्यात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटे. हाच नियम कोणत्याही तापलेल्या, सुजलेल्या सांध्याला: जुनाट आखडलेपणाला ऊब, ताज्या सुजेला गारवा.

‘कुंडात लोक बरे होतात’

कुंडात माणूस स्वतः उतरतो, बादलीत फक्त पावले. कमरेपर्यंत पाण्यात उभे राहिले की पायांवर निम्म्याच्या आसपास वजन उरते, छातीपर्यंत एक तृतीयांश, मानेपर्यंत दहावा हिस्सा. त्या हलकेपणात गुडघा न दुखता वाकतो, चालता येते. २०१६ मध्ये वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी पाण्यातल्या व्यायामाच्या १३ चाचण्या एकत्र तपासल्या. वेदना आणि हालचालीत थोडा, अल्पकालीन फायदा दिसला. तो पाण्यात केलेल्या व्यायामाचा फायदा होता. घराजवळ छातीभर पाण्याचा तरणतलाव असेल तर पोहता येत नसले तरी कठडा धरून चालणे बादलीपेक्षा कितीतरी पटींनी चांगले.

‘गोळ्या कायमच्या सुटतात’

झिजेत वेदनाशामक गोळी कमी लागू शकते, तीही डॉक्टरांना विचारून. आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) वेगळा: तिथली औषधे रोगप्रतिकारशक्तीचा सांध्यावरचा हल्ला रोखतात. ती बंद केली तर शेकाने बरे वाटत असतानाच सांधा आतून खराब होत राहतो, आणि वाकडी झालेली बोटे पुन्हा सरळ होत नाहीत. ताप येऊन एकच सांधा अचानक सुजला किंवा एकाच पायाची पिंढरी सुजून दुखू लागली, तर पाणी तापवत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.