फ्रिज आल्यावरही खारवलेला कॉड का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘ज्या पोर्तुगीजांच्या दारात ताजी सार्डिन मिळते त्यांनी नॉर्वेचा खारवलेला कॉड मासा खावा, ही सरकारने लावलेली सवय. फ्रिज आला तेव्हाच ती सुटायला हवी होती, तुम्ही तिचं उगाच कौतुक करताय,’ असं तुम्ही लिहिलंत. मला हे पटत नाही.

मासा टिकावा म्हणून खारवतात हे खरं, पण मिठाने मासाच बदलतो. कॉडची चरबी यकृतात साठते, मांसात जवळजवळ नसतेच. म्हणून तो मिठात मुरतो, वाळतो, पण खवट होत नाही. तेलकट सार्डिनला हे जमत नाही. पाणी बदलत एक-दोन दिवस भिजवला की कॉड फुगतो, पण पुन्हा ताज्यासारखा होत नाही. ताजा कॉड मऊ, बेताच्या चवीचा. हा घट्ट, आणि शिजल्यावर त्याच्या जाड पाकळ्या बोटांनी सुट्या होतात. ‘बाकाल्याव आ ब्राश’ हा पोर्तुगीज पदार्थ करताना कुसकरलेला मासा कांदा, काडीसारखे तळलेले बटाटे आणि जेमतेम आळलेल्या अंड्यांत घोळवतात. तिथे ताजा मासा घातलात तर पाणी सुटून लगदा होईल. ओल्या बोंबलाच्या जागी सुका बोंबील आपल्याला तरी चालतो का?

आता सरकारचं. पोर्तुगीज जहाजं सोळाव्या शतकातच कॉडसाठी आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाकडे जात होती. चर्चने शुक्रवारी आणि लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात, मांस वर्ज्य केलेलं, आणि हा मासा समुद्रापासून लांबच्या गावांतही न नासता पोचायचा. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट फार नंतरची. आयात कमी व्हावी म्हणून तिने 1934 पासून देशाचा स्वतःचा ताफा वाढवला, आणि त्याची किंमत कोळ्यांनी मोजली. पहाटे एकेक माणूस डोरी नावाच्या चपट्या होडीत एकटा उतरायचा, शेकडो गळांचा दोर पाण्यात सोडायचा आणि होडी भरली की धुक्यात आपलं जहाज शोधत परतायचा. 1974 पर्यंत हे चाललं. त्याच वर्षी ती राजवट कोसळली. सवय केवळ तिची असती, तर आज नाताळच्या आदल्या रात्री घरोघरी उकडलेला कॉड, बटाटे आणि कोबीची पानं ऑलिव्ह तेलात माखून वाढली गेली नसती.

टीका करायचीच तर अतिमासेमारीवर करा, तिथे मी तुमच्या बाजूने आहे. न्यूफाउंडलंडचा कॉड इतका घटला की 1992 मध्ये कॅनडाला तिथली मासेमारी बंद करावी लागली, आणि तो उपसणाऱ्या अनेक देशांच्या जहाजांत पोर्तुगीज जहाजंही होती.