ट्यूबच्या डब्यातला कागद आणि पाळी गेल्यानंतरची ‘उन्हाळी’

पारोळ्यात माझं औषधांचं दुकान आहे. मध्यंतरी पन्नाशी ओलांडलेली एक बाई ट्यूब परत करायला आली. सीलसुद्धा तोडलं नव्हतं. “ताई, कागदवर कॅन्सर लिखेल शे ना वं,” म्हणाली. धुळे-जळगावकडे बायांच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज तिलाही आला होता. त्याचं म्हणणं असं: पाळी गेल्यावर कोरडेपणा आणि आग यांवर डॉक्टर इस्ट्रोजेनची (बाईच्या शरीरातल्या हार्मोनची) जी ट्यूब आत लावायला देतात, तिने स्तनाचा कर्करोग, अर्धांगवायू आणि रक्ताच्या गुठळ्या होतात, कंपनीनेच तसं छापलंय. पिशवीलाही कर्करोग होतो. लघवीची आग म्हणजे उन्हाळी, तिला धने-जिऱ्याचं पाणी पुरे. आणि ती जागा तुरटीच्या पाण्याने धुवावी.

छापलंय हे खरं आहे. पण ते आलं कुठून? २००२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला. त्यात १६,६०८ बाया होत्या, सरासरी वय ६३. निम्म्या बायांना रोज तोंडावाटे ०.६२५ मिलिग्रॅम इस्ट्रोजेन आणि जोडीला प्रोजेस्टिनची (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनसारख्या औषधाची) गोळी दिली जात होती. स्तनाचा कर्करोग वर्षाला दर १०,००० बायांत ३० वरून ३८ वर गेला. अर्धांगवायू आणि गुठळ्याही वाढल्या. त्यानंतर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, इस्ट्रोजेनच्या प्रत्येक औषधावर तोच इशारा चौकटीत छापायला लावला, मग ती पोटात घ्यायची गोळी असो की मायांगात, म्हणजे योनीत लावायचं क्रीम. गोळीचा इशारा ट्यूबच्या डब्यात आला तो असा. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच एफडीएने हा चौकटीतला इशारा काढायला सुरुवात केली.

आता मात्रा बघा. इस्ट्राडायॉल हा इस्ट्रोजेनचाच एक प्रकार. त्याची मायांगात ठेवायची १० मायक्रोग्रॅमची गोळी पहिले दोन आठवडे रोज आणि नंतर आठवड्यातून दोनदा वापरतात. पहिल्या वर्षाची बेरीज होते १.१४ मिलिग्रॅम. पोटात घ्यायची इस्ट्राडायॉलची गोळी एका दिवसालाच १ मिलिग्रॅमची असते! माझ्या दुकानातून जास्त जाते ती इस्ट्रिऑलची ट्यूब, आणि इस्ट्रिऑल हा इस्ट्रोजेनचा प्रकार तर इस्ट्राडायॉलपेक्षा सौम्य. सुरुवातीला आतलं अस्तर पातळ असतं म्हणून औषध थोडं जास्त रक्तात उतरतं. अस्तर भरून आलं की ते कमी होतं. त्याच अमेरिकन प्रकल्पात फक्त मायांगात इस्ट्रोजेन वापरणाऱ्या बायांची वेगळी पाहणी झाली, ती २०१८ मध्ये छापून आली. न वापरणाऱ्यांच्या तुलनेत स्तनाचा कर्करोग, पिशवीच्या अस्तराचा कर्करोग, अर्धांगवायू किंवा गुठळ्या, यांतलं काहीच जास्त आढळलं नाही. पिशवीचं उत्तरही त्यातच आलं. कमी मात्रेच्या ट्यूबबरोबर सहसा प्रोजेस्टेरॉन द्यावं लागत नाही, तेही म्हणूनच.

मला सगळ्यात जास्त सलतो तो उन्हाळीचा मुद्दा. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ वर जातो. शेतात कामाला गेलेली बाई आडोसा नसतो म्हणून दिवसभर पाणी पीत नाही. मग आग झाली की ऊनच बाधलं, असं सगळे धरून चालतात. पण हीच आग भर थंडीत, महिन्या-दोन महिन्यांनी परत येत असेल, पाळी जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तर ती उन्हाची नव्हे. इस्ट्रोजेन कमी झालं की मायांगाचं अस्तर पातळ होतं, तिथले चांगले जंतू घटतात, आंबटपणा जातो, आणि लघवीला जंतुसंसर्ग होणं सोपं होतं. १९९३ च्या एका प्रयोगात वारंवार असा संसर्ग होणाऱ्या काही बायांना इस्ट्रिऑल क्रीम दिलं, काहींना औषध नसलेलं नुसतं क्रीम. नुसतं क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ५.९ वेळा संसर्ग झाला, इस्ट्रिऑल लावणाऱ्यांना ०.५ वेळा. धने-जिऱ्याचं पाणी खुशाल प्या, पाणी पोटात जाणं चांगलंच, पण ते अस्तर भरून आणत नाही. दर वेळी माझ्या काउंटरवर येऊन अँटिबायोटिकच्या चार गोळ्या मागणाऱ्या बाया बघितल्या की जीव तुटतो.

तुरटी तर अजिबात नको. ती कातडी आवळते, कोरडी करते, आणि मूळ दुखणंच कोरडेपणाचं आहे. डेटॉलचंही तसंच.

ट्यूबने त्रास होतच नाही, असं मी म्हणणार नाही. पहिले काही आठवडे खाज किंवा चुरचुर होते, पांढरं जातं, कधी स्तन दुखरे होतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या मापापेक्षा जास्त लावू नये, आणि संबंधाच्या आधी वंगण म्हणून तर वापरूच नये. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, विशेषतः त्यासाठीची लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल ही गोळी चालू असेल, तर कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ट्यूब लावू नका. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर अंगावरून थेंबभर जरी लाल गेलं, ट्यूब लावत असाल वा नसाल, तरी त्याच आठवड्यात तपासून घ्या.