एक्स-रे स्वच्छ, म्हणजे न्यूमोनियाची भीती नाही? खुलासा

‘छातीचा एक्स-रे स्वच्छ असेल तर जठराच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर न्यूमोनिया होत नाही,’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे. एक्स-रे आजचे फुप्फुस दाखवतो. धोका नंतर तयार होतो. पोटाच्या वरच्या भागातला छेद श्वासपटलाजवळ असतो. दुखते म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकणे टाळतो, कफ साचतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो आणि तिथे संसर्ग धरतो.

स्पेनमधील रुग्णांवरून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘एरिस्कॅट’ या, शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसाच्या तक्रारींचा धोका मोजणाऱ्या गुणांकनात एक्स-रे नाहीच. समजा, वय ६० (३ गुण), हिमोग्लोबिन ९.५ (११), पोटाच्या वरच्या भागात छेद (१५), शस्त्रक्रिया तीन तासांहून जास्त (२३): बेरीज ५२. ४५ पासून पुढे धोका जास्त. शस्त्रक्रियेआधीच्या महिन्याभरात ताप येऊन, अँटिबायोटिक घ्यावे लागलेला श्वसनसंसर्ग झाला असेल तर आणखी १७. तो भूलतज्ज्ञांना सांगाच, कृपया लपवू नका.

हे गुण फक्त न्यूमोनियाचे नाहीत. फुप्फुस मिटणे, छातीत पाणी होणे, श्वास अपुरा पडणे हेही त्यात येते. धूम्रपानाला त्यात गुण नाहीत, तरी ते किमान चार आठवडे आधी थांबवावे.